मी मिग उतरवलं त्या रविवारची गोष्ट

“तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो,” मी म्हणालो. “पण मी रशियन लढाऊ विमान एकेचाळीस वेळा पाडलंय आणि एकदा, चांगल्या पंचवीस माणसांच्या देखत, अलगद उतरवलंय. आणि या बेचाळीस वेळांत माझं बूड जमिनीपासून दीड फुटाच्या वर गेलेलं नाही.”

परवा संध्याकाळची गोष्ट. आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीखाली एक कट्टा आहे, तिथं चहा चालला होता. ही कॉलनी ओझरच्या बाजूला, विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी बांधलेली. जुने लोक आता एक तर मुलांकडे गेले, नाहीतर वर गेले. त्यांच्या घरांत नवी मंडळी आली आहेत. त्यातली सात नंबरची आसावरी, बँकेत ऑफिसर आणि यंदा सोसायटीची सेक्रेटरी, पाय हलवत समोर बसली होती.

“साक्षीदार कोण, अण्णा?” तिनं विचारलं.

“साक्षीदार पुष्कळ. पेंट शॉपचा निकम होता, तो आता पुण्याला मुलाकडे. विंग कमांडर राजवाडे होते, ते मुलीकडे डेहराडूनला. देशमाने बाई होत्या, त्या वारल्या. आणि आमची यमुना. ती विंचूरला माहेरी गेलीये, भाच्याचा साखरपुडा आहे. उद्या येईल.”

“म्हणून आजच सांगताय वाटतं.”

“आज निवांत आहे म्हणून सांगतोय. ऐकायचं तर ऐका.”

तर, दहा सालचा जानेवारी. पंधरा तारखेला झेंडावंदनाची मीटिंग होती. संक्रांत आदल्या दिवशीच झालेली, त्यामुळे आधी तिळगूळ वाटला गेला. निकमनं माझ्या हातून तिळगूळ घेतला, गोड गोड बोलतो म्हणाला, खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि उठून उभा राहिला.

“यंदा सव्वीस जानेवारीला झेंडा खऱ्या पायलटनं फडकवावा, असं मला वाटतं,” तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण त्या कॉलनीत बारा वर्षं झेंड्याची दोरी माझ्या हातात होती आणि ती का होती हे सगळ्यांना माहीत होतं. एकोणऐंशी साली मी दोन सीटच्या मिगमध्ये मागच्या सीटवर बसून चाचणीला गेलो होतो, वर गेल्यावर पुढच्या पायलटला भोवळ आली होती आणि मी, दत्तात्रय गांगुर्डे, चाकांच्या खात्यातला साधा फिटर, ते विमान एकट्यानं खाली घेऊन आलो होतो. ही हकिकत मी दर वर्षी झेंडावंदनानंतर जिलबी खाताना सांगत असे. यमुनाचे तिघे भाऊ विंचूरहून जीप करून खास ऐकायला येत. कडक इस्त्रीच्या टोप्या घालून पहिल्या रांगेत बसत आणि शेजारच्याला सांगत, “हे आमचे दाजी.”

आता तुम्ही नवे आहात, म्हणून खरं सांगतो. मी वर गेलोच नव्हतो. विमान जॅकवर चढवलेलं होतं, मी चाकांचं काम बघायला कॉकपिटमध्ये बसलो होतो आणि जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी शिडी उचलून नेली. दीड तास मी वर अडकलो होतो. खाली उतरल्यावर लोकांनी विचारलं, एवढा वेळ कुठे होतास? मी म्हटलं, वर. एवढंच मी बोललो होतो. बाकीचं वीस-पंचवीस वर्षांत आपोआप वाढलं.

“म्हणजे झेंडा खोट्यावर फडकत होता?” आसावरीनं विचारलं.

“झेंडा वाऱ्यावर फडकतो. मधे बोलू नका.”

तर त्या वर्षी तेरा नंबरच्या बंगल्यात विंग कमांडर राजवाडे राहायला आले होते. उंच, सडपातळ माणूस, बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. उभी हयात त्यांनी मिग उडवलेलं आणि पोरांना उडवायला शिकवलेलं. निकमनं त्यांच्याकडे हात केला.

“मी? नको हो,” राजवाडे म्हणाले. “दोरी ओढायला पायलट कशाला लागतो? गांगुर्डे करतात ते उत्तम आहे. तुम्ही मिग उतरवलंत असं ऐकलं.”

“हो.”

“कुठलं? मिग बरीच आहेत.”

“एकवीस. दोन सीटचं.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “पहिल्याच प्रयत्नात?”

“दुसरा प्रयत्न करायला माणूस उरतो का, साहेब?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मिटलं. पण निकम बसला नव्हता.

“साहेब, तुमच्या घरी ते कॉम्प्युटरवरचं विमान आहे ना?” तो म्हणाला. “हुबेहूब खऱ्यासारखं चालतं म्हणता. त्यावर अण्णांनी एकदा उतरवून दाखवावं. आम्हालाही बघायला मिळेल. आम्ही आयुष्यभर नुसता रंग दिला.”

राजवाड्यांना भांडण नको होतं. त्यांनी तोडगा काढला तोही भांडण टाळायलाच. “चोवीसला रविवार आहे. सकाळी अकराला माझ्याकडे या. ज्याला हौस असेल त्यानं बसावं. प्रत्येकाला एकच डाव. जो सलामत उतरवेल त्याच्या हाती दोरी. मी खेळणार नाही, मी नुसता बघणार.”

मीटिंग संपवून आम्ही घरी आलो. कुलूप काढता काढता यमुना म्हणाली, “अहो, किती दिवस आहेत?”

“नऊ.”

“काय लागतं ते उद्या आणा.”

“मला येतं उतरवता.”

“येतंच हो. पण हात बसलेला बरा. भाऊ येणारेत सव्वीसला. धाकट्याची सासरची माणसं पण येणारेत यंदा.”

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला गेलो. कॉम्प्युटर घरात होताच, मुलगी हैदराबादला जाताना ठेवून गेली होती. त्यावर यमुनानं क्रोशाचं झाकण घातलेलं होतं. मेन रोडच्या एका गाळ्यातून मी मिग-एकवीसची सीडी घेतली, आणि विमान हलवायचा दांडा घेतला. घरी येऊन लावून बघतो तर सगळं रशियन. अक्षरं रशियन, आवाज रशियन. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, “काका, रशियन विमान मागितलं तुम्ही. मग कानडी येईल का?”

म्हणून मी देशमाने बाईंकडे गेलो. या बाई कारखान्यात दुभाषी होत्या. रशियन इंजिनियर आले की त्यांचं आम्हाला सांगायच्या, आमचं त्यांना. वय तेव्हा चौऱ्याहत्तर, पण ताठ बसत आणि चूक झाली की टेबलावर चष्म्याची काडी आपटत. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “शिडीचं मला माहीत आहे. शिडी रशियनांनी नेली होती, दिवा बदलायला. मीच सांगितलं होतं त्यांना, न्या म्हणून.”

दुपारी अडीचला त्या आमच्याकडे येऊन बसल्या. यमुना पलीकडे ताट घेऊन मेथी निवडत होती. मी खुर्चीत बसलो, पडद्यावर कॉकपिट उघडला आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. तेच निळसर रंगाचं पॅनेल, तीच घड्याळं. डोळे मिटून सांगितलं असतं कुठे काय आहे. समोर लांबच लांब धावपट्टी. मी इंजिन चालू केलं, विमान थरथरलं, आणि मी बटण दाबून चाकांचा दांडा वर केला.

विमान मटकन पोटावर बसलं. खालून ठिणग्या निघाल्या.

“हे काय केलंत?” देशमाने बाई म्हणाल्या.

काय केलं ते मला चांगलं कळलं होतं. आमच्या खात्यात विमान जॅकवर चढवायचं, कॉकपिटमध्ये बसायचं आणि चाकं मिटतात-उघडतात का ते बघायचं. तीस वर्षं मी तेवढंच केलं. कॉकपिटमध्ये बसलो की हात आपोआप त्याच दांड्याकडे जायचा. जॅकवर विमान असेल तर चाकं मिटली काय नि उघडली काय. इथं खाली जॅक नव्हते.

पहिल्या दिवशी मी विमान सात वेळा पोटावर बसवलं. सातही वेळा धावपट्टीवरून न हलता. शेवटी यमुनानं उठून चाकांच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनानं लिहिलं, ‘आत्ता नाही.’

चिकटपट्टीनं काम केलं. दुसऱ्या दिवशी मी वर गेलो.

वर जाणं सोपं असतं. सगळे जातात. खाली यायच्या वेळी त्या गेममध्ये एक बाई बोलायला लागायची, रशियन, अगदी मऊ आवाजात. पायलटला धोका सांगण्यासाठी तिला तिथं ठेवली होती. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा यमुना स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“ही कोण?”

“विमानातली आहे,” मी म्हणालो.

“इतकी गोड कशाला बोलते?”

“गप्प बसा दोघं,” देशमाने बाई म्हणाल्या. “ती म्हणते, उंची कमी आहे.”

“आता?”

“आता म्हणते, वर घ्या.”

“आता?”

“पुन्हा तेच म्हणते. वर घ्या, वर घ्या.”

“आता का थांबली?”

“आता तिला काही म्हणायचं नाही. तुम्ही वारलात.”

यमुना पदराला हात पुसत उभी होती. “तीनदा सांगितलं तिनं,” ती म्हणाली. “रशियन असून मला कळलं.”

तिसऱ्या दिवशी मी पाच वेळा वारलो, चौथ्या दिवशी नऊ वेळा. या विमानाला थांबण्यासाठी शेपटीतून एक छत्री सुटते. ती मी एकदा हवेतच सोडली आणि विमान एखाद्या ओल्या चादरीसारखं धरणात पडलं. एकदा मी धावपट्टी समजून हायवेवर उतरत होतो. देशमाने बाई दर वेळी वहीत रशियनमध्ये काहीतरी लिहीत. मी विचारलं, काय लिहिता? म्हणाल्या, “कारखान्यात अपघाताचा अहवाल असा लिहायचो. सवय.”

खरी अडचण एकच होती आणि ती मला सुटत नव्हती. बाईंनी सीडीबरोबरच्या पुस्तकातून वाचून दाखवलं: या विमानाचे पंख आखूड. इंजिनाचा वारा पंखांवरून खेळता ठेवला तरच ते तरंगतं. म्हणून उतरताना चाकं जमिनीला टेकेपर्यंत गॅसचा दांडा मागे ओढून इंजिनाचा जोर कमी करायचा नाही. वेग तीनशे चाळीस, आणि हात जागच्या जागी. गॅस सोडला की दगड.

आता तुम्हीच सांगा. जमीन ताशी तीनशे चाळीसनं अंगावर येतेय आणि माणसानं गॅस सोडायचा नाही? माझा हात ऐकेना. धावपट्टी दिसली की तो आपसूक मागे यायचा आणि विमान धपकन खाली.

“भीती वाटते तुम्हाला,” यमुना ताटातून मान वर न करता म्हणाली.

“भीती कसली? खुर्चीत तर बसलोय.”

“आमच्या वडिलांचा तो रशियन ट्रॅक्टर होता ना, तो असाच होता. ओल्या रानात गॅस सोडला की रुतलाच. बांध अंगावर आला तरी पाय हलवायचा नाही.”

“तुला काय माहीत?”

“चालवायचं कोण? भाऊ शाळेत होते.”

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि हे मला तेव्हा कळलं. देशमाने बाईंनी चष्मा काढला आणि यमुनाकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “वहिनी, खुर्ची जरा इकडे घ्या. तुम्हाला घड्याळं नीट दिसत नसतील तिथून.”

तेव्हापासून यमुनाची खुर्ची माझ्या शेजारी आली. मी चालवायचो, बाई रशियन सांगायच्या आणि यमुना शेंगा सोलता सोलता म्हणायची, “हात. हात. हात हलला बघा तुमचा.”

सातव्या दिवशी एक विलक्षण गोष्ट घडली. मी विमान वर ठेवून बाथरूमला गेलो. येऊन बघतो तर विमान धावपट्टीवर सरळ उभं, छत्री सुटलेली, इंजिन बंद. देशमाने बाई वही मिटून बसलेल्या. यमुना शेंगा सोलत होती.

“हे कसं झालं?” मी विचारलं.

“मला काय माहीत?” यमुना म्हणाली.

“कॉम्प्युटरचं काही सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या.

मलाही ते पटलं.

“मग अण्णा, तुम्ही कधी उतरवलंत?” आसावरी मधेच म्हणाली. तिच्या चहावर साय धरली होती.

“सांगतो ना. रविवारी.”

रविवारी अकराला राजवाड्यांचा हॉल भरून गेला. पंचवीस माणसं, काही जिन्यावर. साहेबांचा थाट वेगळाच होता. पडद्याऐवजी आख्खी भिंत, बसायला खऱ्यासारखी खुर्ची, पट्टा. आणि बटणं नव्हती. नातवानं त्यांना लाकडाचं पॅनेल करून दिलं होतं आणि त्यावर खरे दांडे. चाकांचा दांडा तर अस्सल, तोच आकार, मुठीत तोच थंडपणा.

“आधी कोण?” राजवाडे म्हणाले.

आधी निकम बसला. छाती काढून बसला, पट्टा बांधला, लोकांकडे मान वळवून हसला. इंजिन चालू केलं. आणि धावपट्टीवर उभ्या विमानाचा चाकांचा दांडा सरळ वर केला. विमान मटकन पोटावर. भिंतभर ठिणग्या. जिन्यावरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. राजवाड्यांचं इतक्या वर्षांत काही पाहायचं राहिलं नसेल, पण तेसुद्धा पुढे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “हे मी पहिल्यांदा पाहतोय.”

आसावरीनं हात वर केला. “अण्णा, निकमकाका पेंट शॉपचे ना? मग चाकांची सवय त्यांना कुठून?”

“सवय कोणालाही लागते. हवेतून पसरते.”

“बरं. पुढे?”

पुढे खुर्ची रिकामी होती. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली होती. निकम खिदळत होता.

“स्वतःचं विमान पोटावर बसवून निकमकाका खिदळत होते?” आसावरी म्हणाली.

“माणूस लाजेनंही खिदळतो,” मी म्हणालो. तर, मला दिसत होतं की आता कोणी उठलं नाही तर सव्वीसला तिघे मेव्हणे टोप्या घालून येणार, धाकट्याची सासरची माणसं येणार, आणि दोरी भलत्याच्याच हातात बघणार. मग त्यांना शिडीचंही कळणार. बारा वर्षांची जिलबी घशात अडकली असती सगळ्यांच्या. राजवाड्यांनी घड्याळात पाहिलं. “आणखी कोणी?” आणि मग, तुम्हाला सांगतो, उठणं झालं. गर्दीतून वाट काढत पुढे जाणं झालं. खुर्चीत बसून कमरेला पदर खोचला आणि—

“काय खोचला?”

“रुमाल. रुमाल खोचला. मला घाम येतो.”

आणि विमान निघालं. पळता पळता नाक उचललं, मग चाकं मिटली, जेव्हा मिटायची तेव्हाच. वर गेल्यावर मी काय करावं? मी गंगापूर धरणावरून एक फेरी मारली. चांदवडच्या डोंगरांना वळसा घातला. विंचूरवरून जाताना पंख हलवले, सासऱ्यांच्या द्राक्षबागेतल्या बायकांनी हात केले.

“कॉम्प्युटरमध्ये?”

“कॉम्प्युटर चांगला होता साहेबांचा.”

मग परतीची वाट. राजवाड्यांनी न सांगता आडवा वारा लावला होता, हे मला नंतर कळलं. विमान एका अंगाला सरकायला लागलं. ती रशियन बाई बोलायला लागली. देशमाने बाई मागे उभ्या राहून हळूच सांगत होत्या, “वेग बघा म्हणते. उंची म्हणते. बरोबर आहे. बरोबर आहे.” धावपट्टी भिंतभर झाली. पुढे बसलेल्यांनी पाय वर घेतले. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. तीनशे साठ. तीनशे पन्नास. तीनशे चाळीस. हॉलमध्ये आवाज नाही, फक्त बांगड्यांचा—

“बांगड्यांचा?”

“बायका होत्या ना हॉलमध्ये. बांगड्या घालूनच येतात.”

जमीन अंगावर आली. आणि गॅसवरचा हात, एवढासा, केसभरसुद्धा, मागे आला नाही. मी तो हात बघत होतो. जन्मात मी असा हात पाहिला नाही. बांध अंगावर येतोय आणि हात जागच्या जागी, जणू ताटावर ठेवलाय. मग चाकं टेकली. आधी मागची दोन, मग पुढचं. इतकी हळू की विमान खाली आलं हे कळायला लोकांना वेळ लागला. मग गॅस सोडला, मग छत्री. विमान पळत गेलं, पळत गेलं आणि थांबलं.

कोणी टाळी वाजवली नाही. राजवाडे उठून उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता, सगळेच पुढे वाकले.

“पोरांना हे शिकवायला मला महिने लागायचे,” ते म्हणाले. “काही जणांना शेवटपर्यंत जमलं नाही. हात मागे येतोच. तुम्ही कुठे शिकलात?”

“घरीच,” उत्तर गेलं. “दुपारच्याला.”

मग मात्र जी टाळी सुरू झाली ती थांबेना. निकमनंसुद्धा वाजवली. देशमाने बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, पहिल्यांदाच खाली रेघ मारली आणि वही पर्समध्ये टाकली.

आणि सव्वीसला सकाळी थंडी कडाक्याची होती. तिघे मेव्हणे पहिल्या रांगेत, टोप्या अशा कडक की वाऱ्यानं हलत नव्हत्या. धाकट्याची सासरची माणसं त्यांच्या मागे. राजवाड्यांनी माईकवर सांगितलं, रविवारी ज्यांनी विमान उतरवलं त्यांनी झेंडा फडकवायला पुढे यावं. मेव्हण्यांनी माना वर केल्या. दोरी हातात आली. एक झटका, गाठ सुटली, वरून झेंडूच्या पाकळ्या पडल्या, केसांत, खांद्यावर. मधला मेव्हणा रडत होता. मी सलामी ठोकून तसाच ताठ उभा राहिलो. त्या वर्षी एकोणऐंशीची हकिकत मी सांगितली नाही. त्यानंतरही कधी नाही. गरजच उरली नाही.

मी थांबलो. आसावरीनं कपावरची साय बोटानं काढून कठड्याला पुसली आणि चहा पिऊन टाकला.

“अण्णा, सोसायटीचं ऑफिस रंगवायला काढलंय,” ती म्हणाली. “भिंतीवरचे सगळे फोटो काल मीच काढून पुसले. दहा सालचा पण आहे. तुम्ही धडधडीत खोटं सांगताय. दोरी काकूंच्या हातात आहे, डोक्यावर पाकळ्या. आणि तुम्ही खाली पहिल्या रांगेत, मेव्हण्यांच्या मधे, काकूंची पर्स काखेत धरून, सगळ्यांत मोठं तोंड करून हसताय.”